काही करत नाही हो तो!

सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर काही वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘साखर आता आटोक्यात आहे’ हे एक, ‘मेट्रोचं काम अजून किती वर्षं’ हे दुसरे, आणि तिसरे जरा मोठ्या आवाजात, ‘काही करत नाही हो तो!’ हे म्हणणारा पन्नास पावले मागे असतो. पट्टा त्याच्या हातात गुंडाळलेला असतो आणि ‘तो’ समोरच्या आजोबांच्या छातीवर पुढचे दोन पाय टेकवून उभा असतो. मी हे वाक्य नऊ वर्षे म्हणत आलो आहे, फक्त स्त्रीलिंगात. आमची भुरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री. तिला टेकडीवर, मग किल्ल्यांवर आणि एकदा पैसे भरून डॉग पार्कमध्येही नेऊन झाले. या नऊ वर्षांत ते वाक्य मला कुठे कुठे गिळावे लागले आणि ते खरे ठरेल अशी जागा कुठे आहे, याचा हा लेखाजोखा.

माणसे कुत्रा घेऊन टेकडीवर जातातच का? ‘निसर्गात मोकळं फिरू दे बिचाऱ्याला’ हे सांगायचे उत्तर. खरे कारण गल्ली आहे. पुण्या-मुंबईत दर शे-दोनशे पावलांवर एका टोळीची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. पट्ट्याला बांधलेला कुत्रा त्या हद्दीतून नेऊन पाहा. सहा जण भुंकत मागे लागतात, आपला चौखूर उधळतो, पट्टा आपल्याच पायात अडकतो आणि दूधवाला सायकल थांबवून मजा बघतो. महापालिकेच्या बागेवर ‘कुत्रे आणण्यास मनाई’ची पाटी, सोसायटीच्या हिरवळीवर सेक्रेटरींची नजर. उरते टेकडी. तिथे आता टोळ्या नाहीत असे नाही, पण पळायला जागा तरी आहे. म्हणजे टेकडीवरच्या गर्दीचे मूळ टेकडीवर नाही, खाली शहरात आहे. हे लक्षात ठेवले नाही तर पुढची सगळी चर्चा श्वानप्रेमी विरुद्ध पक्षीप्रेमी अशा कुस्तीवर येऊन थांबते.

त्या कुस्तीत कायदाही ओढला जातो. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि बागांतही सरसकट बंदीपेक्षा वेळा ठरवून द्याव्यात, असा त्यांचा रोख आहे. अनेक जण त्याची प्रत मोबाइलमध्ये बाळगून असतात आणि वर राज्यघटनेच्या ५१क कलमातले प्राणिमात्रांवर दया करण्याचे कर्तव्य ऐकवतात. गंमत अशी की तेच उपकलम, त्याच वाक्यात, आधी वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करायला सांगते. टेकडीवरच्या भांडणात दोन्ही बाजू एकाच वाक्याचे अर्धे अर्धे म्हणत असतात.

टेकडी आपल्याला रिकामी वाटते, कारण तिथे राहणारे कुणाच्या नजरेस पडू नये अशाच बेताने राहतात. टिटवी खड्यांत खड्यांसारखीच अंडी घालते. रातवा तर घरट्यासाठी काडीही गोळा करत नाही; पाचोळ्यावर अंडी आणि त्यांवर पाचोळ्याच्याच रंगाचा पक्षी. तित्तर, लावा, चंडोल, मोर, सगळ्यांचे संसार जमिनीवर, आणि त्यांतले पुष्कळसे उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत. म्हणजे टेकडी हिरवी होऊन आपल्याला बोलावते त्या दिवसांतही. मोकळा सोडलेला कुत्रा झुडपात नाक खुपसतो, आपण कौतुकाने फोटो काढतो. त्याने अंडे फोडले नाही तरी पक्षी उठतो, आणि मेच्या उन्हात त्या अंड्यावरची सावली उठते.

मग पट्टा बांधला की भागले का? सिडनीजवळच्या रानांत बँक्स आणि ब्रायंट या अभ्यासकांनी नेमके हेच तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. पट्ट्याला बांधलेली कुत्री वाटेने नेली की त्या घटकेला तिथल्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसे गेली तर फरक याच्या निम्म्याहूनही कमी. आणखी खटकणारी गोष्ट म्हणजे, जिथे रोज कुत्री फिरवली जातात तिथल्या पक्ष्यांनाही त्यांची सवय झालेली दिसली नाही. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी मनात ऑस्ट्रेलियाला नावे ठेवली. आमच्याकडचे पक्षी कुत्र्यांत वाढलेले, त्यांना काय होणार, अशी माझी खात्री होती.

ती खात्री नान्नजने घालवली. सोलापूरजवळच्या या माळढोक अभयारण्याच्या माळावर अबी तमीम वनक यांनी खोकड आणि कुत्री यांच्या नात्याचा अभ्यास केला. खोकड म्हणजे आपल्या माळरानाचा तो लहानसा, काळ्या शेंड्याच्या शेपटीचा कोल्हा. खाणे मांडून ठेवलेल्या जागेजवळ कुत्रा असला की खोकड खाणे सोडून सावधपणे बघत राही. त्यांच्याही पिढ्यान्पिढ्या कुत्र्यांच्या शेजारीच वाढल्या होत्या. पुढे वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये देशभरातल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या ८० प्राणिजाती निघाल्या; त्यांतल्या ३१ जगाच्या पातळीवर धोक्यात असलेल्या. यांतली बहुतेक कुत्री मोकाट किंवा अर्धवट पाळलेली असतात हे खरे. पण मागे काय लागले आहे हे बघताना ससा गळ्यातला बिल्ला वाचत नाही.

न दिसणारे नुकसान वेगळे. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये सेरेंगेटीत याच विषाणूने सिंहांचा सुमारे एक तृतीयांश कळप संपवला होता. हा आजार कुत्र्यांच्या नेहमीच्या लशीने टळतो. पार्व्होचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून लशी पूर्ण न झालेले पिल्लू रानवाटेवर नेणे हा पिलावर जितका अन्याय, तितकाच रानावर.

विष्ठेचे गणितही कुणी तरी मांडले आहे. बेल्जियममधल्या गेंट शहराभोवतीच्या राखीव जंगलांत कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडतो, असा हिशेब २०२२ मध्ये निघाला. आपल्याला वाटते, चांगलेच की, खत! पण कासचे पठार किंवा कोकणातले कातळसडे यांची श्रीमंती त्यांच्या जमिनीच्या गरिबीत आहे. मातीत नायट्रोजन नाही म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. तिथे फुकटचे खत म्हणजे त्यांच्या घरात दांडग्या गवताला आमंत्रण. यावर एक शहरी तोडगा निघाला आहे: विष्ठा प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, गाठ मारायची आणि ‘परतताना उचलू’ म्हणून झुडपाशी ठेवायची. परतताना माणसे दुसऱ्या वाटेने उतरतात.

टेकडीवरून किल्ल्याकडे वळू. इथे कायदा आपल्या समजुतीच्या बराच पुढे उभा आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात देखभालीचे काम सोडून अन्य कारणासाठी कोणताही प्राणी आणू नये, असे १९५९ च्या नियमांत स्पष्ट आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्याकडचे सात या खात्याचे. लोहगडाच्या पायऱ्यांवर मी लॅब्राडॉर पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या एका रविवारी भुरीही होती. नियम ठाऊक नव्हता. आता आहे. पन्हाळ्यावर मात्र अख्खे गाव नांदते, दारोदारी कुत्री आहेत, तेव्हा तिथे नियमाचा अर्थ कसा लावायचा हे पहारेकऱ्यालाच ठाऊक.

दुसरी पाटी वनखात्याची. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई एका अभयारण्यात, वासोटा कोयनेच्या, माहुली तानसाच्या, कर्नाळा पक्षी अभयारण्यात. इथे माणसाला शिरायलाही परवानगी लागते, कुत्र्याची गोष्ट लांबच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत. वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्याही मारण्यापुरती नाही. जनावराला हाकणे, कुत्री घालून पाठलाग करणे आणि तसा नुसता प्रयत्न हेही तिच्यात येते. ‘तो फक्त खेळत होता’ हे वनरक्षकाला सांगून बघावे. या दोन पाट्या वजा केल्या की उरतात ते राज्याकडे असलेले किंवा कुणाच्याच पाटीखाली नसलेले डोंगर, आणि तिथेही पायथ्याच्या गावात विचारून मगच निघावे.

‘कुत्र्यांना मनाई’ची पहिली पाटी कुठे लागली असेल याचा मी एकदा विचार केला आणि उत्तर मिळाले: स्वर्गाच्या दारात. महाप्रस्थानाला निघालेले पांडव एकेक करून वाटेत पडले, शेवटपर्यंत चालला तो युधिष्ठिर आणि मागून येणारे एक कुत्रे. इंद्राने रथ आणला आणि कुत्र्याला नकार दिला. युधिष्ठिराने जे केले ते सर्वांना माहीत आहे. डोंगरवाटेवर कुत्रा नेणारे सगळे स्वतःला युधिष्ठिर समजतात. त्याचे कुत्रे वाटेत कुणाच्या मागे धावले नव्हते हे सोयीने विसरतात. आणि रायगडाचा विरोधाभास तर औरच. जिथे जिवंत कुत्रा नेता येत नाही तिथेच वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ पासून उभा आहे, आणि त्याला ऐतिहासिक आधार आहे का यावरून २०२५ मध्ये पुन्हा रण पेटले. आपण कुत्र्याविषयी एकदम देव्हाऱ्याच्या नाही तर दगड मारण्याच्याच भाषेत बोलतो. खंडोबाच्या पायाशी तो, दत्ताच्या भोवती चार, भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव, आणि त्याच तोंडाने ‘कुत्र्यासारखा मेला’ ही शिवी. बांधलेला, लस टोचलेला, सांगितलेले ऐकणारा साधा शेजारी म्हणून तो आपल्या भाषेत अजून आलेला नाही.

ट्रेकरांच्या दृष्टीने मात्र सर्वांत नाजूक जागा पाण्याची. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी असतात आणि त्यांतली काही आजही पिण्याची आहेत. वर मुक्काम करणाऱ्यांचा स्वयंपाक त्यावर चालतो, उन्हाळ्यात गुराखीही त्याच पाण्यावर. दोन तास चढून आलेल्या लॅब्राडॉरला पाणी दिसले की तो काय करणार? माझ्यासमोर एकाने उडी घेतली. मालक हसत होते, टाक्याच्या काठावर पातेले घेऊन उभा असलेला मुलगा हसत नव्हता. पट्टा हवा तो इथे.

माझी स्वतःची फजिती मावळातल्या एका वाडीतली. भुरी तीन वर्षांची होती. गाडीतून उतरवताना पट्टा सुटला आणि दहा सेकंदांत एक कोंबडी तिच्या तोंडात. भुरी काही करत नाही! मालकीणबाई सत्तरीच्या, डोक्यावर गवताचा भारा. मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली, घडी घालून कनवटीला लावली आणि रागावण्याऐवजी खऱ्या कुतूहलाने विचारले, ‘आरं पोरा, कुत्रं कशाला आनलंस डोंगरावर? वर हायेतच की.’

आहेतच. हा आमच्या डोंगरांचा खास प्रकार आणि त्याबद्दल पुरेसे लिहिले जात नाही. पायथ्याच्या गावात गाडी थांबली की कुठून तरी एक कुत्रे येते, तुमच्याकडे न बघता पुढे चालू लागते आणि संध्याकाळपर्यंत सोबत करते. चकव्याच्या वळणावर थांबते, निसरड्या कातळावरून न घसरता जाते, रात्री तंबूबाहेर बसते. त्याला नाव तुम्ही ठेवता, पुढच्या शनिवारी दुसरा गट दुसरे ठेवतो. घरून कुत्रा न नेता डोंगरात कुत्र्यासोबत चालायचे असेल तर याहून सोपी व्यवस्था नाही. पण तिलाही दुसरी बाजू आहे. पार्ले-जीचे पुडे आणि उरलेली खिचडी यांच्यावर वर कायमची राहणारी कुत्री वाढली, शनिवार-रविवारी पोट भरते आणि सोमवार ते शुक्रवार ती स्वतःची सोय बघतात. ती सोय म्हणजे ससे, घोरपडी, तित्तराची पिल्ले. त्यांतल्या कितींना रेबीजची लस मिळाली असेल? जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बिस्किट भरवताना कुणाला आठवत नाही. शहरी कुत्रा तिथे नेला की आणखी एक गुंता. तो तुमचा पाहुणा असेल, गडावरच्या टोळीच्या लेखी तो घुसखोर. माझ्या ओळखीच्या एका बीगलचा कान पायथ्याच्या देवळापाशीच फाटला, चढाई सुरूही झाली नव्हती.

आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवून असतो बिबट्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. भक्ष्याच्या एकूण वजनातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के निघाला. बोरिवलीच्या उद्यानातले पस्तीसेक बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खात असावेत, असा २०१८ मधला अंदाज आहे. तो अंदाज मांडणाऱ्या अभ्यासकांनी तर पुढे जाऊन, त्यामुळे मुंबईतले कुत्रे चावण्याचे प्रकार कमी होतात असा बिबट्याच्या बाजूने हिशेबही मांडला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात ऊस आणि बिबट्या यांचे नाते आता शाळकरी मुलालाही पाठ आहे. तिथल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी रात्री तंबूबाहेर कुत्रा बांधून ठेवणे म्हणजे ताट वाढून ठेवणे. कुत्रा राखणीला आहे असे आपण म्हणतो, बिबट्याच्या बाजूने बघितले तर राखण उलटी आहे. अंधार पडल्यावर आणि उजाडण्यापूर्वी कुत्रा घेऊन चालू नये.

हे सगळे कुत्र्यामुळे इतरांना होणारे. कुत्र्याला काय होते हे बहुतेक मालक सर्वांत शेवटी विचारतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरता; बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या वर गेले की जिवावर बेतते. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाके आपण माणसांनी पिढ्यान्पिढ्या दाबून चपटी करून घेतली, त्यांना सपाटीवरही धाप लागते. त्यांना मार्चनंतर गडावर नेणाऱ्याला मी क्रूर म्हणेन, तो कितीही पापे घेवो. काळ्या कातळावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघावी. आपल्याला ठेववत नसेल तर त्याला चालवू नये. जीभ जांभळट दिसू लागली, चाल लडखडली की सावली, अंगावर साधे पाणी, वारा आणि तडक दवाखाना. गड पुढच्या वेळी.

उन्हाच्या खालोखाल कुसळ. दिवाळीनंतर डोंगरउतारांवरचे कुसळी गवत पिकते. आपल्या मोज्यात रुतणारे ते कुसळ कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानात, कधी डोळ्याच्या कोपऱ्यात शिरते, आणि त्याच्या काट्यांची रचना अशी की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. भुरीच्या पुढच्या पंजातून डॉक्टरांनी असे एक कुसळ काढले तेव्हा ती तीन आठवडे लंगडत होती, आणि मला वाटत होते मुरगळले असेल. डोंगरातून आल्यावर बोटे फाकवून, कान उलटून बघणे हा माझा आता आंघोळीपेक्षाही पक्का नेम आहे. त्याच वेळी गोचिडी सापडतात. एर्लिकिया आणि बबेसिया हे त्यांच्यातून येणारे ताप आपल्याकडच्या डॉक्टरांना रोजचे आहेत, पण रक्त तपासेपर्यंत आठवडा गेला तर कुत्रा खंगतो. पावसाळ्यात लेप्टोचे पाणी आणि जळवा. कड्यांवर आग्या मोहोळे. कातळ-गवताच्या सीमेवर फुरसे आणि घोणस. साप चावला तर कुत्र्यालाही प्रतिविषच लागते, आणि ते तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात असेलच असे धरून चालू नये. लोखंडी शिड्यांबद्दल एकच. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, पण कुत्र्यासाठी ती पहिल्या शिडीपाशी संपते. त्याला खांद्यावर घेऊन शिडी चढणारे चित्रफितीत शूर दिसतात.

मग डॉग पार्क. ही कल्पना वयाने तशी लहान. कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहरात १९७९ मध्ये, भुयारी रेल्वेमुळे मोकळ्या झालेल्या पट्ट्याच्या एका तुकड्यावर ओलोनी डॉग पार्क सुरू झाला, तो जगातला पहिला मानला जातो. मूळ विचार साधा: कुत्र्याला कुंपणाच्या आत पट्ट्यावाचून पळू दिले तर तो कुंपणाबाहेर पट्ट्याने चालेल. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला कचरा पडायच्या १.३ एकर जागेवर सव्वा कोटीच्या आत असा पार्क उभा केला. बंगळुरूच्या कबन पार्कात रविवारी कुत्र्यांचा मेळाच भरतो. २०२२ मध्ये तिथे कुत्र्यांना बंदीचा विचार पुढे आला आणि विरोधानंतर मागे पडला. पुण्या-मुंबईच्या कडेला खासगी पार्क निघाले आहेत, तासावर पैसे, पोहायला हौद, वाढदिवसाला केक. आम्ही गेलो तिथे भुरीने पाऊण तास फाटकाशी बसून काढला.

ती चुकली नव्हती. डॉग पार्क सगळ्याच कुत्र्यांसाठी नसतो, आणि हे तिथली पाटी सांगत नाही. गावठी कुत्र्याला स्वतःची हद्द आणि ओळखीची चार कुत्री कळतात. अनोळखी पंधरा जणांत सोडले की तो एक तर दबतो, नाही तर पहिला दात दाखवतो. पिल्लांना लशी पुऱ्या होईतो तिथे नेऊ नये. माजावर आलेली मादी, खाऊ आणि लाडके खेळणे, या तिन्हींवरून मारामाऱ्या होतात. लहान आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळे कुंपण हवे, कारण ग्रेट डेनला जे खेळणे वाटते ते पॉमेरेनियनला हाड मोडणे वाटते. दार एक नको, दोन हवीत, मध्ये पाच फुटांची मोकळी जागा. एक उघडण्याआधी दुसरे बंद. पार्क नीट आहे की नुसता सेल्फीसाठी, हे मी आता त्या दोन दारांवरून ओळखतो. आणि मालकाने मोबाइल खिशात ठेवावा. कुत्र्यांची भांडणे भुंकण्याच्या आधी सुरू होतात, शेपटी ताठ होण्याच्या क्षणी, आणि तेव्हा आपण रील बघत असतो.

परदेशांत रानावनाची सगळी दारे उघडी असतील असा आपला समज असतो. बे एरियातल्या माझ्या मावसबहिणीने तो मोडला. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर कुत्रा चालत नाही. योसेमिटीत नाही, यलोस्टोनमध्ये रस्त्यालगतच्या पट्ट्यापलीकडे नाही. अकेडिया आणि शेनान्डोआ ही ठळक अपवादांतली, आणि तिथेही पट्टा सहा फुटांहून लांब नको. इंग्लंडमध्ये मुक्त प्रवेशाच्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या घरट्यांच्या काळात पट्टा दोन मीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याच्या मालकाला १९५३ च्या कायद्याने दंड आहे. मला यातला इंग्रजांचा कॅलेंडरचा विचार पटतो. आपल्याकडे बारमाही बंदी किंवा बारमाही बेबंदी या दोनच ऋतूंची सवय. टेकडीच्या काही वाटा वर्षभर कुत्र्यांना, पट्ट्यासह. काही फक्त पावसाळा सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंत. गवताळ पठार कधीच नाही. एवढे नकाशावर रंगवायला समिती लागू नये.

पण हे नकाशे तेव्हाच पाळले जातील जेव्हा खाली शहरात दुसरी जागा असेल. प्रत्येक प्रभागात उड्डाणपुलाखालचा किंवा नाल्याकाठचा एखादा गुंठ्यांतला तुकडा, दोन दारांचे कुंपण, नळ, विष्ठेचा डबा. याला सव्वा कोटी लागत नाहीत. आणि गल्लीतल्या टोळ्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम तेच सांगतात आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आधीचा आदेश बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. गल्ली शांत झाली तर माझ्यासारखे निम्मे लोक टेकडीवर कुत्रा नेणारच नाहीत. आळशीच आहोत आम्ही.

भुरी आता नऊ वर्षांची झाली, गुडघे कुरकुरतात. गेल्या हिवाळ्यात त्या वाडीत पुन्हा गेलो तेव्हा तिला घरी ठेवले होते. आजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला ओळखले नसेल असे वाटले, पण कोंबडी विसरल्या नव्हत्या.

‘तुजी कुत्री कुटाय?’

‘घरी ठेवली, आजी.’

‘बरं केलंस. ही बग, आमची राणी येती तुज्यासंगं.’

राणी तोपर्यंत पाणवठ्याच्या पुढच्या वळणावर जाऊन उभी होती. मी विचारले, हिला सुई टोचलीय का? ‘मागल्या साली साळंत डाक्टर आलंतं, तवा टोचली समद्यास्नी.’ मी पाठपिशवी खांद्याला लावली आणि सवयीने खिशातला बिस्किटाचा पुडा चाचपला. आजींनी तांदळातून मान वर न करता सांगितले, ‘ती बिस्किटं नगं देऊस. रातभर वकती मग.’